साडूंचा घरगुती प्रोग्रॅम

आमच्या थोरल्या साडूंना जन्माआधी कोणी विचारलं असतं, तर त्यांनी आपलं शरीरसुद्धा शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावच्या घरी ओट्यावर बसून स्वतःच्या हातांनी जुळवलं असतं, बाहेरून आयतं घेतलं नसतं. आयत्या वस्तूचा इतका दुस्वास करणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. साखर कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात त्यांची हयात गेली आणि तिथे त्यांनी एकच विद्या कमावली: दुसऱ्याने मारलेल्या जोडावर विश्वास ठेवायचा नाही. माझी त्यांची पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. शहाद्याच्या मंगल कार्यालयात, भर वैशाखात, भटजींनी मंगलाष्टकांना सूर लावला आणि सगळे पंखे, दिवे, लाउडस्पीकर एका क्षणात बंद पडले. नवऱ्या मुलाच्या पोशाखात मी घामाने चिंब झालो होतो आणि स्टेजच्या मागे एक उंच गृहस्थ तोंडात बॅटरी धरून स्विचबोर्ड उघडून बसले होते. कोणीतरी ओरडलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आग लागती तं चालनं असतं का?" नंतर मांडववाल्याने खरोखरच जळून काळी पडलेली वायर बाहेर काढली. तोवर अक्षता संपल्या होत्या. साडूंचं सगळ्यात त्रासदायक वैशिष्ट्य हेच, की ते बहुतेक वेळा बरोबर असत.

घरात आलेली कुठलीही नवी वस्तू ते आधी उघडत आणि मग अक्कांना वापरायला देत. मिक्सर आला त्या दिवशी तो जेवणाच्या वेळेपर्यंत पोटातली आतडी बाहेर काढून पडलेला होता. पुन्हा जुळवल्यावर एक स्क्रू उरला. साडू म्हणाले, कंपनीनेच जास्तीचा दिला असेल. अक्का मला म्हणाल्या, "भाऊ, तो इस्क्रू मी देव्हारामा ठेयेल शे. ज्या दिन मिक्सर फुटी, त्या दिन यासना हातमा देसू." मिक्सर अजून फुटलेला नाही. शहाद्याच्या एसटी स्टँडवर गाडीत चढण्याआधी ते वाकून मागची चाकं बघत आणि टायर कोणी बसवला म्हणून चौकशी करत. "बसानं शे तं बसा बाबा, नही तं पाये पाये या," असं एका कंडक्टरने सुनावलं तेव्हा ते खरोखर उतरले आणि पुढच्या गाडीने आले. मेडिकलवाला त्यांना लांबून पाहिलं की गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा दोन्ही काढून ठेवी, कारण साडू गोळी घेण्याआधी तिच्या आत काय काय आहे ते बारीक अक्षरांतून त्याच्याकडून वाचून घेत. मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. लोकांना सांगताना मी त्यात माझ्या पदरचं मीठमसालाही घालत असे.

या माणसाने निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला. मी शहाद्यात ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे ते मला मास्तर म्हणतात. पण शिकायला म्हणून ते माझ्याकडे कधी आले नाहीत. जाडजूड पुस्तकं आणली, कळण्याच्या भाकरीसारखी चावून चावून पचवली आणि वर्षभरात प्रोग्रॅम लिहू लागले. त्यामागे कारण होतं. साडूंचं रक्त ओ निगेटिव्ह, आमच्या भागात शोधून सापडत नाही असं. तरुणपणापासून ते रक्त द्यायला जात. मधुमेहाने इन्सुलिनवर आणलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता तुमचं रक्त चालणार नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं अक्का सांगतात. आमच्या जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचे रुग्ण पुष्कळ. त्यातल्या काहींना दर थोड्या आठवड्यांनी रक्त लागतं. आपलं रक्त चालेना, तर निदान दुसऱ्याचं वेळेवर पोचवावं म्हणून साडूंनी तो प्रोग्रॅम लिहिला. कोणाला रक्त कधी लागणार आहे, कोणत्या गटाचा दाता जवळ आहे, त्याने मागे कधी रक्त दिलं, हे सगळं तो प्रोग्रॅम बघे आणि दोन दिवस आधी त्या दात्याला निरोप पाठवी. म्हसावदच्या केळीवाल्यापासून शहाद्याच्या मारवाडी कापडदुकानदारापर्यंत सगळे त्या निरोपावर धावत. हे काम त्यांनी इंटरनेटवर उघडं ठेवलं. ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं, आत डोकावावं, बदलावं. याला आम्ही कॉम्प्युटरवाले ओपन सोर्स म्हणतो. अशा कामात सगळं स्वतः लिहायचं, की इतरांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे वापरायचे, यावर जगभर वाद चालतात. तो वाद ब्राह्मणपुरीच्या ओट्यावर किती जोरात चालला, हे जगाला माहीत नाही.

साडूंचा पक्ष सरळ होता. दुसऱ्याची एक ओळ घ्यायची नाही. तारखांचा हिशेब करणारे तयार तुकडे ढिगाने मिळतात. यांनी लीप वर्षासकट आपलं स्वतःचं कॅलेंडर लिहिलं. यादी लावणं, जपून ठेवणं, एका जुन्या फोनला वायर जोडून त्यातून निरोप पाठवणं, सगळं घरगुती. मध्ये मध्ये अहिराणीत सूचना लिहिलेल्या. एके ठिकाणी, "आठे हात लावू नको, बठ्ठं पडी जाई," म्हणजे इथे हात लावलास तर सगळं कोसळेल. त्याच्या खाली, "हाई कसाले लिखं ते माले बी आते याद नही." लांबच्या एका जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी तो प्रोग्रॅम हौसेने उतरवून घेतला आणि महिनाभराने हात टेकले. आणखी एक विक्षिप्तपणा होता. रोज सकाळी सगळे निरोप रवाना झाले की मशीन साडूंच्या फोनवर एक रिंग देऊन थांबे. आमच्याकडे नदीकाठच्या पाण्याच्या मोटारींना असाच मोबाईल स्टार्टर असतो. लाईट आली, मोटर सुरू झाली की शेतकऱ्याला मिस कॉल येतो. रिंग आली नाही, तर तो चपला घालून नदीकडे निघतो. साडूंचंही तेच. "मशीन बोलनं नही म्हंजे ते मरेल शे असंच समजानं," ते म्हणत. मी म्हणे, दादा, रोज सगळं ठीक आहे असं कशाला ऐकायचं? बिघडलं तर सांगेल ना. यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत, जणू मी मंगल कार्यालयातली ती काळी वायर आहे.

एकदा भरीत-भाकरीच्या जेवणावर मी त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्याने बनवला, ज्या भाषेत लिहिता ती दुसऱ्याची, ही ज्वारीसुद्धा तुमच्या शेतातली नाही. मग तुकडा दुसऱ्याचा घेतला तर काय बिघडलं? साडूंनी घास संपवला. "जवारी उसनी चालस, मास्तर. पन निवडानी आपली आपन." मग त्यांनी माझ्या मोबाईलवर, मी सुचवत होतो तो निरोप पाठवण्याचा तयार तुकडा दाखवायला सांगितला आणि लिहिणाऱ्याची चौकशी सुरू केली. "याना गाव कोनता? घरमा कोन कोन शे? उद्या हाऊ मरी गया तं मांगे कोन देखी?" मी हसून म्हणालो, हजारो लोक हे वापरतात. ते म्हणाले, "वापरतस हजार. उघाडीसन कितला देखतस?" अक्का भाकरी वाढता वाढता म्हणाल्या की पोरीचं स्थळ पाहतानासुद्धा यांनी इतकं विचारलं नव्हतं. आम्ही सगळे हसलो, साडूही हसले. मी आणखी भरीत वाढून घेतलं.

पुढे मधुमेह डोळ्यांत उतरला. आधी अक्षरं पुसट झाली, मग ओळी. नाशिकला दोनदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दोन्ही वेळा पट्टी सुटल्यावर साडू म्हणाले, बरं दिसतंय. आणि दोन्ही वेळा ते भिंतीला हात लावत घरात शिरले. आता पंचाईत अशी झाली, की ज्याने कोणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून सगळं स्वतः लिहिलं, त्याच्यावर अख्ख्या तालुक्यातले रुग्ण अवलंबून होते आणि त्याच्यावाचून ते लिखाण कोणाला कळत नव्हतं. हे मी त्यांना जरा विजयी सुरात ऐकवलं. मला त्याची आज लाज वाटते. ते म्हणाले, "ले बाबा तू. मन्हा डोया गयात. आते तुन्हाच डोया." मी उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं नव्याने बांधलं. जगभर चालणारा, फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा घेतला, तयार तुकडे जोडले, तारखांचा एक, यादीचा एक, निरोपांचा तोच, ज्याच्या लिहिणाऱ्याचं गाव साडूंनी विचारलं होतं. प्रत्येक तुकड्याची नवी आवृत्ती आली की रविवारी आपोआप उतरेल, अशी सोय केली. कॉम्प्युटरवर हिरव्या-लाल खुणांचा देखणा पडदा केला, निरोप गेला की हिरवी, अडकला की लाल. काही बिघडलं तर माझ्या मोबाईलवर इशारा येणार होता, म्हणून सकाळची रिंग मी काढून टाकली. साडूंनी चार दिवसांनी विचारलं, रिंग येत नाही. मी म्हटलं, दादा, आता गरज नाही. त्यांनी फोन पुन्हा खिशात ठेवला.

म्हसावदच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथल्या एका पाड्यावर सुनीता राहायची. एकोणीस वर्षांची, सिकलसेलची, रक्तगट साडूंचाच. ती शिवणकाम शिकली होती. रक्त घ्यायच्या दिवशी आईबरोबर खाली शहाद्याला दवाखान्यात यायची आणि जाताना ब्राह्मणपुरीला अक्कांकडे जेवून जायची. अक्कांचं पोलकं तिने एकदा इतकं घट्ट शिवलं, की ते घातल्यावर अक्कांना हसता येईना, आणि त्या प्रकारावर दोघी पुढे वर्षभर हसत राहिल्या. माझा नवा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ती आली तेव्हा तिचं रक्त फारच उतरलं होतं आणि तापही होता. आई तिला घेऊन बुधवारी सकाळी दवाखान्यात पोचली. ओ निगेटिव्ह रक्त शिल्लक नव्हतं, ते कधीच नसतं. दाता येऊनच ते मिळायचं. या खेपेला नंबर म्हसावदच्या केळीवाल्याचा होता आणि निरोप गेलेला दाता आजवर चुकला नव्हता, म्हणून आई वाट बघत बसली. तिने कोणाला विचारलं नाही, दवाखान्यानेही नाही, कारण आजवर विचारावं लागलं नव्हतं. दुपार झाली तेव्हा तिने अक्कांच्या घरी फोन केला. साडूंनी मला कॉलेजात फोन लावला. "मास्तर, सुनीतानी माय दवाखानामा बठेल शे. कोनीच उनं नही." मी वर्गातल्याच कॉम्प्युटरवर पडदा उघडला. सुनीतापुढे हिरवी खूण होती. म्हटलं, दादा, निरोप परवाच गेलाय, सगळं हिरवं आहे, येईल तो. पलीकडून आवाज आला, "हिरवं तुले दिसी ऱ्हायनं. माले काहीच दिसत नही. तू त्याले फोन कर." मी म्हटलं, तास संपला की करतो.

साडूंनी तास संपायची वाट पाहिली नाही. दात्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. चाचपडत बटणं दाबून त्यांनी केळीवाल्याला गाठलं आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी मोटरसायकलवरून निघाला. रक्त घेणं, तपासणं, जुळवणं याला लागायचा तेवढा वेळ लागला. पिशवी खाटेपाशी आली तेव्हा सुनीता गेली होती. मी पोचलो तेव्हा केळीवाला व्हरांड्यात दंडावरची कापसाची पट्टी दाबून उभा होता. "मी तं वावरमाच व्हतू भो," तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. "खिशामा फोन व्हता. एक फोन करता तं..." मी त्याच्या हातातला फोन घेऊन पाहिला. त्यात निरोप नव्हता.

घरी येऊन मी तुकडे एकेक करून उघडले. निरोपांच्या तुकड्याची नवी आवृत्ती रविवारी उतरली होती. लिहिणाऱ्याने ती शेवटची म्हणून टाकली होती. आतलं सगळं काढून टाकलं होतं. ती कुठलाही निरोप स्वीकारायची, "पाठवला" म्हणायची आणि काहीच करायची नाही. वर दोन ओळी होत्या, की मी फार थकलो आहे, एकटा आहे, इथून पुढे माझ्याच्याने होणार नाही, कृपा करून दुसरं काही शोधा. त्या ओळी कोणीतरी वाचेल अशी त्याची कल्पना असावी. आणि माझा इशारा? बिघाडाचा इशाराही मी त्याच तुकड्यातून पाठवत होतो. चार दिवस माझा मोबाईल शांत होता आणि चार दिवस मी निर्धास्त होतो. सकाळची रिंग ठेवली असती, तर तीही त्याच तुकड्यातून गेली असती, म्हणजे सोमवारी ती आली नसती, आणि हा आंधळा होत चाललेला माणूस चपला शोधत बाहेर पडला असता. हे त्यांना सांगायला मी ब्राह्मणपुरीला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की उद्या पाड्यावर जायचं आहे, मला गाडीवर घेऊन चल. त्या वेळी त्यांनी टायरची चौकशी केली नाही.

सुनीताची आई पावरी ही सातपुड्यातली आदिवासी बोली बोलते. साडूंना कारखान्यात ऊसतोड मजुरांमुळे ती भाषा येते, मला जेमतेम कळते. ते खाटेवर बसले नाहीत, जमिनीवर बसले. त्यांनी तिला सांगितलं की माणूस यायला तयार होता, दवाखान्याची चूक नाही, त्याला बोलावणारं मशीन आपलं स्वतःचं होतं आणि ते मुकं झालं होतं. "चूक माझी," ते म्हणाले. मी शेजारीच होतो. मग तिने विचारलं, त्या दिवशी मी सकाळीच फोन केला असता तर? साडूंना याचं उत्तर येत होतं, मलाही येत होतं. साडू म्हणाले, ते तुझं काम नव्हतं. तिने आत जाऊन अक्कांचं अर्धवट शिवलेलं दुसरं पोलकं आणून त्यांच्या हातात दिलं. परत येताना म्हसावदपर्यंत ते पोलकं साडूंनी मांडीवर धरून ठेवलं होतं.

मला त्या अनोळखी माणसाला सडकून पत्र लिहायचं होतं. साडू म्हणाले, लिही, मी सांगतो. आणि सांगितलं, "पयले हाई लिख. तुमनी तब्येत कशी शे? घरमा तुमले कोन देखस?" मी चिडून विचारलं, आणि सुनीताचं? ते म्हणाले, "सांगीसन काय व्हई? त्यानी झोप उडी जाई." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. त्याच्या हातांना आजार झाला होता, टाइप करवत नव्हतं. इतकी वर्षं त्याला रोज तक्रारी येत होत्या. तब्येत विचारणारं पत्र हे पहिलंच. तुकडा कोणी सांभाळायला घेतला तर आनंदाने देईन, असं त्याने लिहिलं होतं. मी म्हटलं, दादा, आपला जुना घरगुतीच पुन्हा सुरू करू, या भानगडीत पडायला नको. ते म्हणाले, जुना माझ्याबरोबर मरेल. आणि ज्यांनी त्या दोन ओळी वाचल्या नाहीत असे अजून किती असतील? "मंग आपन लेवूत. कोनी तं देखाले पाहिजे." अशा रीतीने, दुसऱ्याच्या एका ओळीला हात न लावणाऱ्या आमच्या साडूंनी जगभरातल्या अनोळखी लोकांसाठी एका अनोळखी माणसाचं काम ब्राह्मणपुरीत आणलं.

आता दर रविवारी मी जातो. अक्का चहा ठेवतात, आम्ही ओट्यावर बसतो आणि मी त्या परक्या माणसाचं लिखाण ओळ ओळ मोठ्याने वाचतो. साडूंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डोकं भिंतीला टेकवून ते ऐकतात, मध्येच हात वर करतात, ती ओळ पुन्हा म्हणायला लावतात. नव्वद टक्के वेळा तिथे खरोखर काहीतरी खटकणारं असतं. कधी चूक नसते, नुसतीच ओळ लांबलेली असते, तेव्हा म्हणतात, "आठे तो थकेल व्हता." ती रिंग का काढलीस, हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही. पाड्यावर त्यांनी "चूक माझी" म्हटलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही, त्याबद्दलही नाही. दर रविवारी मी ठरवून जातो की आज या दोन्हींबद्दल बोलायचं, आणि दर रविवारी वाचायला सुरुवात करतो. वाचता वाचता माझा चेहरा कसा होतो ते त्यांना दिसत नाही, याचं मला बरं वाटतं. आपल्याला असं बरं वाटावं यापेक्षा वाईट गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी झालेली नाही. परवा मी एकच ओळ दोनदा वाचली आणि थांबलो. साडूंनी मान वळवली, थोडा वेळ माझ्या दिशेने तशीच ठेवली, आणि म्हणाले, "व्हऊ दे. पानी पी, मंग वाच."